फुकट्यांचे मत

यंदा डिसेंबरात आपल्या महाविद्यालयात झालेली वादविवाद स्पर्धा बहुतेकांना आठवत असेल. 'मोफत योजना लोकशाहीला मारक आहेत' असा विषय होता. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या तृतीय वर्षाच्या एका मित्राला पहिले पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते. तो बोललाच तसा. शेवटी त्याने एक सूचना मांडली. जो माणूस सरकारला कर देत नाही आणि उलट सरकारकडून दरमहा पैसे घेतो, त्याचा मतदानाचा हक्क तो पैसे घेत असेपर्यंत स्थगित ठेवावा. सोसायटीत ज्याचा भाग नाही त्याला मत नसते, मग देशाच्या कारभारात फुकट्यांना मत कशाला? सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या मीही वाजवल्या. पुढच्या रांगेत सर मंडळी बसली होती, आजूबाजूच्या मैत्रिणी वाजवत होत्या, हात आपोआप वर आले. संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतले तेव्हा आई चुलीपुढे बसून मोबाईलवरचा संदेश माझ्याकडून वाचून घ्यायला थांबली होती. बँकेत पंधराशे रुपये जमा झाल्याचा तो संदेश होता. माझ्या आईला 'लाडकी बहीण'चे पैसे मिळतात. आम्हाला रेशनचे धान्य फुकट मिळते. माझी फी माफ आहे आणि शिष्यवृत्तीही मिळते. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. म्हणजे मित्राच्या सूचनेप्रमाणे आमच्या घरात मतदार उरतो तो बहुधा एकही नाही. आणि त्या सूचनेला मी टाळ्या वाजवून आले होते!

हा लेख मी त्या टाळ्यांची भरपाई म्हणून लिहीत आहे, असे कोणी म्हटले तरी माझी तक्रार नाही.

प्रथम कराचे पाहू. 'हे लोक कर भरत नाहीत' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. एका रविवारी मी आईची महिन्याची किराणा यादी घेऊन बसले. मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जी.एस.टी. असतो. तीनशेच्या रिचार्जमध्ये साधारण ४६ रुपये कर. घरात फोन दोन, म्हणजे ९२. गोडेतेल, साखर, चहा यांवर पाच टक्के. साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला. त्याआधी कित्येक वर्षे तो १८ होता. सगळे मिळून बेरीज दीडशेच्या थोडी पुढे गेली. यात वडिलांच्या मोटारसायकलचे पेट्रोल धरलेले नाही. पेट्रोल जी.एस.टी.त येत नाही, पण त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन्ही लागतात. माझ्या चुलत्यांनी २०२३ साली घरकुल बांधले. सरकारने १ लाख २० हजार दिले हे गावात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळी सिमेंटवर २८ टक्के कर होता, आणि चुलत्यांनी आणलेल्या प्रत्येक पोत्यामागे सरकारने त्यातले काही परत घेतले, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "म्हंजी ह्या हातानं दिलं न् त्या हातानं घेतलं की!"

आता हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर हेही कबूल केले पाहिजे की महिन्याला दीड-दोनशे देणारी माझी आई पंधराशे घेते. वजाबाकी केली तर ती घेणारीच ठरते. मित्र म्हणेल, बघा, मी हेच म्हणत होतो. पण मग वजाबाकी सर्वांचीच करू. आपले महाविद्यालय अनुदानित आहे. आपण भरतो त्या फीमध्ये सरांचा एका महिन्याचा पगारही निघायचा नाही. म्हणजे ज्या व्यासपीठावरून मित्र बोलला, ते व्यासपीठ, समोरचा ध्वनिक्षेपक आणि परीक्षक हे सगळे सरकारी पैशावर उभे होते. (परीक्षकांनी क्षमा करावी.) ठिबकचे अनुदान घेणारा बागाईतदार, शासनाची भागभांडवल आणि कर्जाला हमी लाभलेले साखर कारखाने, त्यांचे संचालक, यांचीही वजाबाकी करावी लागेल. तसे केले तर आपल्या तालुक्यात मतदान केंद्र उघडण्याचे कारणच उरणार नाही.

'कर म्हणजे प्राप्तिकर' असे धरले तर आणखीच गंमत होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर शून्यावर आणला. म्हणजे महिन्याला लाखभर रुपये पगार घेणारा मनुष्यही प्राप्तिकराच्या कसोटीवर माझ्या आईच्याच रांगेत येऊन उभा राहिला. त्याला मात्र कोणी फुकट्या म्हटल्याचे मी ऐकले नाही. त्याला 'मध्यमवर्गाला दिलासा' म्हणतात.

मित्राची कल्पना नवी आहे असेही नाही. राज्यशास्त्राच्या अभ्यासात जॉन स्टुअर्ट मिल येतो. स्वातंत्र्यावर इतके लिहिणारा हा मोठा विचारवंत, पण १८६१ च्या आपल्या ग्रंथात त्यानेही असेच म्हटले आहे की जो कर देत नाही त्याने इतरांच्या पैशाची विल्हेवाट ठरवू नये आणि जो गरिबांसाठीची सरकारी मदत घेतो त्याला मत नसावे. परंतु मिल आपल्या मित्रापेक्षा सावध होता. चहा किंवा साखर विकत घेणारा मनुष्यही कर भरतच असतो, हे त्याला दिसत होते. त्याची अडचण वेगळी होती. तो कर भरणाऱ्याला जाणवत नाही, ही ती अडचण. म्हणून प्रत्येकाकडून थोडासा का होईना, प्रत्यक्ष हातातून द्यावा लागणारा कर घ्यावा, असे त्याने सुचवले. मिलचा पहिला विचार मला पटला नाही, पण हे दुसरे निरीक्षण मात्र डोक्यातून जात नाही. त्याकडे पुन्हा येते. त्याच्या देशाने मदत घेणाऱ्या गरिबांवरची मतबंदी १९१८ साली उठवली. अमेरिकेतल्या काही राज्यांत मतासाठी डोईपट्टी भरावी लागे. तेथील राष्ट्रीय निवडणुकांपुरती ती १९६४ च्या घटनादुरुस्तीने बंद झाली.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळात मत मिळत होते ते शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर. १९१९ च्या आणि १९३५ च्या कायद्यांत तसेच होते. गावात सारा भरणारे किती, आणि ते कोण, हे सांगायला नको. माझ्या पणजोबांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. आंबेडकरांनी मताची अट खाली आणण्याचा आग्रह धरला आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी सरळ प्रौढ मतदानाची मागणी केली. पुढे घटनेच्या कलम ३२६ ने ती सर्वांना मिळाली. त्याच्याही आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दाखवून दिले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिकतात ती वरच्या वर्गांची मुले. कोण कोणाच्या पैशावर जगते हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. पूर्वी तो खालून वर विचारला जात असे. हल्ली तो वरून खाली विचारला जातो, एवढाच फरक!

आता मी माझ्या आजीकडे येते, कारण खरा मुद्दा मला पुस्तकात सापडला नाही, तिच्याजवळ सापडला.

आमचा मंगळवेढा तालुका दुष्काळी. १९७२ साली आजी नुकतीच लग्न होऊन आली होती, पंधरा वर्षांची. त्या वर्षी सगळे गाव दुष्काळी कामावर गेले. खडी फोडायची, माती वाहायची, दुपारी सुकडी मिळायची. अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो खाऊन दिवस काढले. गावाच्या वरच्या अंगाला जो पाझर तलाव आहे त्याच्या भरावात आजीच्या पाट्या आहेत. स्पर्धेनंतर मी तिला विचारले, "आजी, तवा सरकारनं तुमाला फुकट जगवलं का गं?" ती चिडलीच. "फुकट? आगं, हाताची सालटी गेली माझ्या! सरकारनं पैसं दिलं, आमी तळं दिलं. हाय का न्हाई आजून?"

दुष्काळ संपल्यावरही काम मागण्याचा हक्क राहिला. ही योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघाली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती राज्यभर आली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर दिवसाला निदान एक रुपया बेकारभत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. एक रुपया म्हणजे काहीच नव्हे. पण 'द्यायचा' या शब्दाला वजन होते. आजी अक्षरशत्रू, तरी तिला ते माहीत होते. एका वर्षी काम निघेना तेव्हा गावातल्या चाळीसेक बाया चालत तहसीलवर गेल्या आणि दिवसभर दारात बसून राहिल्या. आजी त्यांच्यात होती. काम निघाले. मुकादमाने हजेरीपटावर खोटी नावे घातली तेव्हाही बायाच भांडल्या, असे ती सांगते. सगळे सोज्वळ होते असे मुळीच नाही.

आणि यासाठी पैसा कोठून आला? हे मला माहीतच नव्हते. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना विचारले तर त्यांनी खिशातून आपली पगारपावती काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले. व्यवसाय कर, रुपये २००. फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. सर म्हणाले, "हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी बसवला. नोकरदार आणि व्यापारी यांनी जेवढा द्यायचा, तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरले होते." म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या आणि कचेरीतल्या माणसाच्या पगारातून रक्कम कापली गेली आणि आमच्या माळावर काम निघाले. देणाऱ्याला कशासाठी देतो ते कळत होते, घेणाऱ्याला काय केल्यावर मिळते ते कळत होते, आणि दोघांच्या मध्ये कायदा होता. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी असाच कायदा केला. सर इतकी वर्षे दोनशे रुपये कापून घेतात, पण आजीसारख्यांचे मत काढून घ्यावे असे त्यांना कधी वाटले नाही. मी मुद्दाम विचारले.

याच्या शेजारी आता आईचे पंधराशे ठेवून पाहते. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ही योजना जाहीर केली. वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. सत्तेतल्या आघाडीने पंधराशेचे एकवीसशे करू म्हटले. विरोधी आघाडीने तीन हजार देऊ म्हटले. लिलावात बोली चढते तसे ते होते. एकवीसशे कोणत्या करातून आणि तीन हजार कोणत्या करातून, हे आमच्या गावातल्या सभेत कोणी सांगितले नाही आणि, खरी लाज याची, कोणी विचारलेही नाही. मला तेव्हा मत नव्हते, वय काही महिन्यांनी कमी पडले. (आता मत आहे, पण योजनेत मी अजून बसत नाही. मतदार व्हायला अठरा लागतात, लाडकी व्हायला एकवीस!)

मतदानाच्या आदल्या रात्री एक कार्यकर्ता आमच्या गल्लीत फिरला. पक्षाचे नाव कशाला, वेळ आली असती तर दुसऱ्याही पक्षाचा फिरला असता. तो बायांना एवढेच म्हणाला, "यादी आमच्याकडं हाय. कुणी मत दिलं, कुणी न्हाई, समदं कळतं." हे धडधडीत खोटे आहे. मत गुप्त असते. मी आईला पुन्हा पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "तुझं खरं असंल गं. पण मीठ खाल्लंय, आन् उद्या नाव कापलं तर?"

तहसीलच्या दारात दिवसभर बसणारी माझी आजी, आणि नाव कापले जाईल म्हणून भिणारी माझी आई. एकाच घरातल्या दोघी. आई आजीहून भित्री आहे असे नाही. आईला सातवीपर्यंत शाळा आहे, आजीला तीही नाही. मग हे उलटे कसे झाले? मला एकच उत्तर सुचते. आजीला मिळत होते ते कायद्याने आणि कामाच्या मोबदल्यात. ते नाकारले तर भांडायला पायाखाली जमीन होती. आईला मिळते ते शासन निर्णयाने. शासन निर्णय एका सकाळी निघतो तसा दुसऱ्या सकाळी बदलतो. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली, लाखो नावे अपात्र ठरली, त्यांत चक्क काही हजार पुरुष निघाले. मग ई-केवायसी आली, तिला नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही लागते. आई त्यासाठी मजुरी बुडवून तीन वेळा तालुक्याला गेली. अपात्र नावे काढायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या तीनही खेपांना तिच्या चेहऱ्यावर जे होते ते हक्क मागणाऱ्याचे नव्हते. ते शेजारणीकडे पीठ उसने मागायला गेल्यासारखे होते.

म्हणून मित्राला मी एवढे कबूल करते की आमच्या गावात मिंधेपणा आहे. त्याने तो नीट पाहिला आहे. फक्त त्याने औषध उलटे दिले. मिंध्या माणसाजवळ न मिंधे राहण्याचे जे एकमेव साधन आहे, तेच तो काढून घ्यायला निघाला. मत काढून घेतलेल्या बाईला उद्या पंधराशेच काय, रेशनसुद्धा कोण देईल? आणि तिच्यावरचा साबणाचा, तेलाचा, रिचार्जचा कर कोण माफ करील?

योजना चालूच राहावी की बंद व्हावी, याबद्दल मी अजून पक्की नाही, आणि हे लिहायला मला संकोच वाटत नाही. आईच्या पंधराशेतून माझा एस.टी.चा पास निघतो, आजीच्या गोळ्या येतात. तीस वर्षांच्या संसारात आईच्या स्वतःच्या नावाने आलेले हे पहिले पैसे आहेत. ते काढायला ती वडिलांना विचारत नाही. हे मोठे आहे, आणि ज्यांच्या घरी असे कधी अडले नाही त्यांना ते कळणार नाही. पण मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवली होती आणि या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते, हेही मी वाचले आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी या योजनेकडे वळवला गेला आणि सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. ज्या खात्यांच्या पैशावर आमच्यासारखी मुले वसतिगृहात राहतात, शिष्यवृत्तीवर शिकतात, त्याच खात्यांचे ते पैसे. म्हणजे आईच्या ताटात वाढले ते मुलीच्या ताटातले तर नव्हे? हा प्रश्न विचारायचा कोणी? मला वाटते, माझ्या आईने. पण तो विचारायला तिला आधी हे ठाऊक हवे की ताटे मांडली आहेत ती तिच्याही पैशाने.

येथे तो मिल मला पुन्हा आठवतो. कर जाणवत नाही! प्राप्तिकर भरणारा छाती पुढे काढून 'माझा पैसा' म्हणतो, कारण त्याला आकडा दिसतो. माझ्या आईचा आकडा साबणाच्या वेष्टनावरच्या छापील किमतीत विरघळून गेलेला असतो. मिलने सुचवलेली डोईपट्टी आपल्याला नको. पण किमतीखाली कराचा आकडा रुपयांत छापायला काय हरकत आहे? टक्केवारीत नको, रुपयांत. एवढीशी ओळ. आपल्या अर्थशास्त्र मंडळाने निदान या तालुक्यातल्या शंभर घरांच्या किराणा याद्या घेऊन हा हिशेब मांडावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. मी वीस घरे करायला तयार आहे.

आईला मी तिचा आकडा दाखवला. यादीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून दिला. बराच वेळ ती त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे दर म्हैन्याला?" मी म्हटले, होय. "लगीन झाल्यापासनं?" मी म्हटले, जी.एस.टी. २०१७ पासून, पण त्याआधी विक्रीकर होता, दुसरे काही होते; होय, लग्न झाल्यापासून. तिने कागद घडी घालून पंधराशेच्या पासबुकात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाण्याला गेली तेव्हा तिने तो शेजारच्या काकूंना सांगितला असावा, कारण संध्याकाळी काकू आपली यादी घेऊन आमच्या ओट्यावर हजर!

त्या पारितोषिक विजेत्या मित्राशी मात्र माझे अजून बोलणे झालेले नाही. तो मनाने चांगला आहे, ग्रंथालयात कितीदा त्याने मला आपली टिपणे दिली आहेत. ज्या फुकट्यांविषयी तो बोलला त्यांतली एक माझी आई आहे, आणि त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवत होते, हे त्याला हा अंक हातात पडल्यावरच कळेल.